ताईच्या आजाराचं नाव घ्यायचं की नाही?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

माझी ताई मागच्या डिसेंबरात गेली. 39 वर्षांची होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला. पुढच्या महिन्यात पहिला स्मृतिदिन आहे. वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदन आणि भोजनदान ठरलं आहे.

आम्ही उत्तर नागपुरात राहतो. वडील रेल्वेत होते, ते आधीच वारले. घरात आई, दादा-वहिनी, त्यांची 23 वर्षांची मुलगी, मी, बायको आणि माझा मुलगा. ताईनं लग्न केलं नाही. घरी ब्लाउज शिवायची, वस्तीतल्या पोरींना फुकट शिवण शिकवायची. दर महिन्याला रक्त तपासायला दवाखान्यात जायची तर दुपारपर्यंत परत यायची नाही. नवीन पेशंटच्या आयांजवळ बसून त्यांना समजावत राहायची. उरलेल्या कापडाच्या लांब पट्ट्याच्या पिशव्या शिवून तिथल्या लेकरांना वाटायची, पाण्याची बाटली गळ्यात अडकवायला.

ती गेल्यावर तिच्या मशीनच्या खणात एक वही सापडली. कोणाला किती पैसे दिले ते लिहिलं आहे. कोणाच्या पोरीची फी, कोणाचं ऑटोभाडं, कोणाचा गॅस. सगळे मिळून 40 हजारांच्या वर जातात. दादा म्हणतो, घरचा पैसा आहे, वसूल करू. मला ते पटत नाही.

दुसरं म्हणजे आई. ती म्हणते, "कार्यक्रमात सिकल-सिकल करू नोको. पोरीचं लगन व्हाचं हाय." पत्रिकेत 'अल्पशा आजाराने' लिहायचं म्हणते. 39 वर्षांचा आजार अल्पसा कसा?

तिसरी गोष्ट कोणाला सांगितली नाही. मी स्वतः वाहक आहे, एएस, म्हणजे दोष एकाकडूनच आला, आजार नाही. लग्नाआधी एक मुलगी पसंत होती. ताईनं दोघांच्या तपासण्या करायला लावल्या. तीही एएस निघाली. ताईनं दोन्ही घरच्यांना बसवून सगळं समजावलं आणि ते लग्न मोडलं. मी वर्षभर ताईशी नीट बोललो नाही. एकदा रागात विचारलं, "म्हणजे तू जन्माले याले नोको होती काय?" ती म्हणाली, "मले जगाचंच होतं. पण हे दुखणं दुसऱ्या कोणाले नोको." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

भाषण मी करणार आहे. मसुदा सोबत पाठवतो. काय बोलू, काय नको, सांगा.

— एक धाकटा भाऊ

*

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र आणि भाषणाचा मसुदा मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. दोन्हींत ताई वेगळी आहे. मसुद्यातली ताई 'सदा हसतमुख' आहे, तिनं 'कधीही तक्रार केली नाही', ती 'त्यागमूर्ती' आहे. पत्रात तुम्ही जी सांगितली, ती दोन घरच्यांना समोर बसवून नको ती गोष्ट स्पष्ट बोलते, भावाचा वर्षभराचा अबोला सोसते आणि त्याच्या सगळ्यात कडू प्रश्नाला सरळ उत्तर देते. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही घाईत आणखी एक गोष्ट लिहिली होती, जागेअभावी ती वर छापली नाही: जानेवारीच्या थंडीत क्रायसिस, म्हणजे कळांचा झटका, आला की ती रात्री ओरडायची, एकदा तर स्टीलचा ग्लास भिंतीवर फेकला होता. तो पोचा आलेला ग्लास अजून घरात आहे.

भाषणात तो ग्लास येऊ द्या.

सिकलसेलचं दुखणं काय असतं हे तुम्ही लहानपणापासून शेजारच्या खाटेवरून पाहिलं आहे. हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांनी पाहिलेलं नसेल म्हणून सांगते. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासं झालं की कळा सुरू होतात. हाडांत, पाठीत, छातीत, पोटात, कुठेही. थंडी, ताप, दमणूक, अंगातलं पाणी कमी होणं, यातलं काहीही निमित्त पुरतं. नागपूरचा मे महिना आणि नागपूरचा जानेवारी, दोन्ही या माणसांना धोक्याचे. बाहेरून बघणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. जखम नाही, पट्टी नाही, फार तर डोळे थोडे पिवळे. म्हणून या पेशंटना आयुष्यभर ऐकावं लागतं की नाटक करते, कामचुकार आहे. तुमच्या ताईनंही हे ऐकलं असणार, शाळेत आणि नातेवाइकांतही.

अशी बाई 'कधीही तक्रार न करणारी' होती असं तुम्ही विहारात म्हणालात, तर खाली बसलेल्या एखाद्या पेशंट पोरीला काय वाटेल? दर महिन्याला दवाखान्यात ताईजवळ बसणारी पोरगी तिथे नक्की येईल. आपण ओरडतो, रडतो, म्हणजे आपण ताईसारखे चांगले नाही, एवढंच ती घरी घेऊन जाईल. ताईला हे चाललं नसतं. नव्या आयांजवळ ती दुपारपर्यंत बसायची ती हेच सांगायला असेल असं मला वाटतं, की दुखतं तेव्हा पोरगं खोटं बोलत नाही.

त्या पिशव्यांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. मला त्यावर थांबावंसं वाटतं. सिकलसेलच्या लेकरानं दिवसभर पाणी पीत राहणं हा उपचाराचाच भाग आहे. डॉक्टर ते चिठ्ठीवर लिहून देतात, आई घरी सांगते, आणि शाळेत पोरगं विसरतं, कारण बाटली दप्तरात असते आणि दप्तर खाली ठेवलेलं असतं. बाटली गळ्यात अडकवली की विसरायला जागा राहत नाही. हे सुचायला स्वतः ते पोर असावं लागतं. ताईची दानत तिच्या दुखण्यातून आलेली होती. कोणाला नेमकं कशाची गरज पडेल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिचं देणं इतकं अचूक होतं. वहीतल्या नोंदीसुद्धा बघा: फी, ऑटोभाडं, गॅस. ज्या वेळी माणूस मागायला लाजतो त्या वेळच्या या गरजा आहेत. आजार असूनही ती उदार होती, असं सगळे म्हणतील. तुम्ही मात्र हे दुखणं आणि ही दानत एकमेकांपासून वेगळी करून सांगू नका.

इथे एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. या आजाराचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केलं. त्यांचा रुग्ण कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण होता. त्या लेखात त्याच्या रक्ताचं, तापाचं, पायावरच्या व्रणांचं वर्णन आहे, नाव नाही. नाव जगाला फार उशिरा कळलं: वॉल्टर क्लेमेंट नोएल. शिक्षण पूर्ण करून तो आपल्या गावी परतला, दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 साली, ऐन तिशीत वारला. वैद्यकाच्या पुस्तकात आजार राहिला आणि माणूस गळला. आपल्या घरांत उलटं होतं. माणसाचा फोटो हार घालून भिंतीवर राहतो आणि आजार गाळला जातो. ताईच्या बाबतीत दोन्ही सोबत राहिले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या मोडलेल्या लग्नाबद्दल.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक असते. पुष्कळ घरांत याचा अर्थ असा लावतात की एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नसतं, दर वेळी डाव नव्यानं मांडला जातो. तुमच्या आई-वडिलांच्या घरात हाच डाव पडला होता आणि ताईच्या वाट्याला एसएस आलं. तिनं तुम्हाला आणि त्या मुलीला जे सांगितलं ते पुस्तकातून वाचून नव्हतं.

पण दोन वाहकांनी लग्न करूच नये असा कायदा नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करून घेण्याचा मार्गही असतो, काही जोडपी तो पत्करतात. तो सोपा नाही, त्यात आणखी वेगळं दुःख आहे. ताईनं माहिती समोर ठेवली. लग्न नको हा निर्णय शेवटी दोन्ही घरांनी आणि तुम्ही दोघांनी घेतला. 'ताईनं लग्न मोडलं' असं तुम्ही इतकी वर्षं म्हणत आलात, कारण निर्णयाचं ओझं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर असलं की थोडं हलकं वाटतं. ती ते ओझं घेऊन उभी राहिली. धाकट्या भावानं अबोला धरला तरी "मी फक्त माहिती दिली, ठरवलं तुम्हीच" असं ती म्हणाली नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. वहीत या नोंदीसाठी रकाना नाही, पण तुम्हाला तिनं दिलेलं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं.

आणि तुमचा तो प्रश्न. 'तू जन्माला यायला नको होतीस का?' तो तुम्ही विचारला याचा तुम्हाला त्रास होतो आहे. पण त्याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. म्हणजे हा प्रश्न तिनं स्वतःला आधीच, कित्येकदा विचारला असणार, आणि सोडवलाही असणार. तिला जगायचं होतं, ती जगली, भरभरून जगली. आणि तरीही हे दुखणं पुढच्या लेकराला नको असं तिला वाटत होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात एका वेळी राहू शकतात. सिकलसेल संपवण्याच्या गोष्टी आता सरकार करतं तेव्हा हे वाक्य फार गरजेचं आहे, कारण अशा बोलण्यात आज जिवंत असलेल्या पेशंटना आपणच नकोसे झालो आहोत असं वाटू शकतं. तुमच्या भाषणात एकच वाक्य घेण्याइतकी जागा असेल तर हे घ्या, तिच्याच बोलीत. शुद्ध करू नका.

आता आई.

तुम्ही आईवर थोडे चिडलेले दिसता. जरा थांबा. जिचं पहिलं-दुसरं मूल सिकलसेलचं निघालं त्या बाईला आपल्या समाजात काय ऐकवलं जातं ते तुम्हाला माहीत नसेल, कारण ते पुरुषांसमोर बोलत नाहीत. 'हिच्या माहेरचं रक्त', 'हिच्या पोटातला दोष'. एसएस मूल होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून तो दोष यावा लागतो, एकट्या आईकडून येतच नाही. हे आईला कोणी बसून सांगितलं आहे का? वडील हयात नाहीत. तुम्ही सांगा. कार्यक्रमाचा विषय न काढता, एखाद्या दुपारी, दुसरं कोणी नसताना. ती ताईचा आजार लपवते आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती स्वतःवर येणारं बोट चुकवते आहे, गेली 39 वर्षं.

तिची दुसरी भीती नातीच्या लग्नाची आहे आणि ती खोटी नाही. लोक नाकारतात. पण नुसतं गप्प बसून नातीचं भलं होणार नाही, आणि इथे मी तुम्हाला एक हिशोब सांगते तो दादा-वहिनींसमोर मांडाच. दोन वाहकांच्या ज्या मुलाला आजार नाही, ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. दादा त्या मुलांपैकी एक आहे. त्यानं कधी तपासणी केल्याचं तुमच्या पत्रात नाही. वहिनी वाहक नाहीत असं धरलं तरी पुतणी वाहक असण्याची शक्यता तीनात एक निघते. वहिनीही वाहक असल्या तर आणखी जास्त. म्हणजे पत्रिकेत 'अल्पशा आजाराने' लिहून तुम्ही लोकांपासून जे लपवणार, ते त्या मुलीपासूनही लपलेलंच राहील. तिला काही त्रास नसेल, वाहकाला आजार नसतोच, एरवीसारखं आयुष्य असतं. प्रश्न फक्त जोडीदारही वाहक निघाला तर येतो. आणि तो लग्नाआधी कळावा म्हणून ताईनं तुमचा राग ओढवून घेतला होता.

तपासणीत अवघड काही नाही. आधी थेंबभर रक्ताची सॉल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून एएस की एसएस ते पक्कं करतात. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत याची सोय आहे. ताईसोबत जाऊन तुम्हाला या वाटा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरवण्यात आली, 2047 पर्यंत हा आजार संपवण्याचं उद्दिष्ट आहे. तुमच्या पुतणीच्या वयाची पोरं गावोगावी बोट पुढे करून रक्त देत आहेत. जिथे ताईसारखी बाई राहिली त्याच घरातली मुलगी तपासणीवाचून राहावी, हे मला फार लागतं.

आई तरीही नाहीच म्हणाली तर? पत्रिकेत 'अल्पशा' हा शब्द मात्र घालू नका. नुसतं 'प्रथम स्मृतिदिन' लिहा, कारण लिहायची सक्ती कुठे आहे. फ्लेक्सवरही आजाराचं नाव नको, फ्लेक्स ही ते सांगायची जागा नव्हे. भाषणात नाव घ्यायचं की नाही हे मात्र आईला विचारून ठरवा, आणि विचारताना तिला एवढी आठवण द्या की याच शहरातल्या संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं उघडपणे काम केलं आणि 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या शब्दाला घरात दबून बोलतात त्याच कामासाठी देशानं मान दिला. आई ऐकेल असं मला वाटतं. नाही ऐकली, तर विहारात ग्लास, पिशव्या आणि ताईचं ते वाक्य सांगा. वस्तीतल्या सगळ्यांना आजार माहीतच आहे. घरात मात्र, पुतणीसमोर, नाव घेतल्याशिवाय चालणार नाही. तिथे मी आईचंही ऐकू नका म्हणेन.

वहीचं मी लवकर आटपते. ताईनं लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं. तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार तिच्या स्वतःच्या कमाईतलं मागे राहिलेलं आई-वडिलांकडे जातं, म्हणजे आता आईकडे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तेव्हा त्या पैशांवर दादाचा शब्द चालत नाही आणि तुमचाही नाही. वही आईच्या हातात द्या, एकेक नोंद वाचून दाखवा. आपली लेक आपल्या नकळत किती घरांत पोहोचली होती ते तिला कळू द्या. कदाचित भाषणाचंही उत्तर तिला तिथेच सुचेल. माझं मत विचाराल तर वसुलीला कोणाच्या दारात जाऊ नये. पण कोणी आपणहून आणून दिले तर नको म्हणू नका, हात जोडून घ्या. ज्यानं घेतले त्याचाही मान असतो. आणि एक विनंती, कार्यक्रमात त्या वहीचा उल्लेख अजिबात नको, आकडाही नको. देणाऱ्याचं कौतुक करताना घेणाऱ्यांची मान खाली जाईल.

आलेल्या पैशांचं काय करायचं हे आईनं विचारलं तर पिशव्या. ताईकडे शिकलेल्या पोरी आहेत, मशीन आहे, कापड इतवारीत ठोकात स्वस्त मिळतं. लगेच ट्रस्ट, प्रतिष्ठान, पुरस्कार असं काही काढू नका, त्यात वर्षभरात भांडणं होतात. दर महिन्याला थोड्या पिशव्या, तपासणीच्या दिवशी, ताई बसायची त्याच बाकावर. सोबत रक्तदान शिबिर घ्यावंसं वाटलं तर उन्हाळ्यात घ्या, तेव्हा रक्त कमी पडतं. तुम्ही स्वतः वाहक आहात हे रक्तपेढीच्या डॉक्टरांना आधी सांगा, तुमचं घ्यायचं की नाही ते ठरवतील.

मसुद्यातले 'त्यागमूर्ती' वगैरे शब्द मी पेन्सिलीनं खोडले आहेत. 'हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू म्हणून दर महिन्याला रक्त तपासायला जायची' (ही गोळी कळांचे झटके कमी करते) हे वाक्य तुम्ही खोडलं होतं, ते मी परत घातलं आहे. ती किती नेमानं जगली ते त्यातून कळतं.

आणि दादा-वहिनी आणि पुतणीची तपासणी स्मृतिदिनाच्या आधी करून घ्या. रिपोर्ट हातात आला की मुलीला समजावून सांगायला तुम्हीच बसा. ताईनं तुम्हाला ज्या क्रमानं सांगितलं होतं त्याच क्रमानं सांगा, आणि ती चिडली तर चिडू द्या.